ताक फुंकताना

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. ही म्हण सांगून हसतो तो बहुधा तोंड न पोळलेला. त्याला वाटतं, फुंकणाऱ्याला दूध कुठलं आणि ताक कुठलं ते कळत नाही. कळतं की! पेला हाताला गार लागतोय, वास आंबूस आहे, तरी ओठ पुढे होतात. मेंदूतला अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग विचार पुरा व्हायच्या आत हाकाटी करतो. अ‍ॅड्रेनलिन सुटतं, छाती धडधडते, तळहात ओले होतात. समजूत मागाहून पोचते, तोवर शरीर आपलं काम उरकून बसलेलं असतं. ‘काही झालं नाही, घाबरू नकोस’ हे ऐकायला कान असतात. ओठांना कुठे कान?

कुणी म्हणेल, बहुतेकांचं हे फुंकणं काही महिन्यांत आपसूक थांबतं, मग आजार कशाला म्हणायचं? रास्त आहे. १९८० साली अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी आघातानंतर टिकून राहणाऱ्या अशा भीतीसाठी ‘पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर’ हे निदान मान्य केलं, पण आजही महिनाभराहून जास्त त्रास टिकला तरच ते नाव लावतात. मला अडतं ते वेगळ्याच जागी. ताक हे ताकच आहे, हे ठरवलं कुणी? ३० सप्टेंबर १९९३ची पहाट. गणपती बोळवून किल्लारी, सास्तूर ही गावं नुकती झोपली होती. घरं माळवदाची. दगडमातीच्या रुंद भिंती, वर लाकडी तुळया, त्यांवर मातीचा जाड थर. आत उन्हाळ्यातही गारवा, आणि चोराला सहजी भिंत फोडता येत नसे. माळवद गळू लागलं की वर आणखी माती टाकायची. घर जितकं जुनं, तितकं डोक्यावरचं ओझं जास्त. पिढ्यान्‌पिढ्या काळजीने रचलेली तीच माती भूकंपात अंगावर आली आणि सुमारे दहा हजार माणसं गेली. म्हणजे पोळलं ते दुधाने नव्हे, ताक समजून रोज प्यायलेल्या गोष्टीनेच. पुढे ज्यांची घरं उभी राहिली होती, तेही आत झोपायला धजेनात. या भीतीला आजार म्हणावं तर म्हण त्यांना हसते. शहाणपण म्हणावं तर वर्षानुवर्षं छताखाली डोळा न लागणाऱ्याचे हाल झाकले जातात. मला दोन्ही पटतात, आणि दोन्ही पटणं सोयीचं नाही. किल्लारीची जमीन त्यानंतरही कित्येक महिने अधूनमधून हादरतच होती.