पिशवीत काय, बादलीत किती

पुढच्या आठवड्यात लातूरला लग्न आहे, अक्काच्या नातीचं. मुक्काम तीन दिवसांचा. काल दुपारी मी माझी अंघोळीची पिशवी भरायला घेतली, तर माझी नात शेजारी येऊन बसली. ती पुण्याला कॉलेजात असते, लग्नासाठी म्हणून नांदेडला आली आहे. तिची अशी पिशवी मी आदल्या दिवशी पाहिली होती. पिशवी कसली, लहानशी बॅगच ती! तोंडाला लावायचं वेगळं, हाताला वेगळं, केसांना धुण्याआधीचं वेगळं आणि धुतल्यानंतरचं वेगळं.

माझी पिशवी बघून ती म्हणाली, "आजी, एवढंच?"

मी म्हटलं, "एवढंच. आणि हे एवढंच का, त्याची एक गोष्ट आहे."

"मग लिहून ठेव ना."

म्हणून मंडळी, आजचा विषय हा. मोठा नाही. पण तीस-बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं की साध्या गोष्टीचाही धडा करायची खोड लागते. सांभाळून घ्या :)

आमच्या लहानपणी गावाला जाताना अंघोळीचं सामान असं काही नसायचंच. आजोळ कंधारकडं. आई निघताना बरोबर घ्यायची ती फिरकीचा तांब्या, एक पंचा आणि कागदाच्या पुडीत दोऱ्यानं बांधलेली काळी टूथ पावडर. ती पुडीसुद्धा आम्हा मुलांसाठी. मोठी माणसं बाभळीच्या नाहीतर लिंबाच्या काडीनं दात घासायची. साबण लागला तर ज्याच्या घरी गेलो त्याचा. शिकेकाई त्यांची, तेल त्यांचं, पाय घासायची वजरीसुद्धा त्यांचीच. पाहुण्यानं स्वतःचा साबण काढला असता तर आजीला वाईट वाटलं असतं. "आमच्या घरी साबण नाही का?" असं तिनं तोंडावर विचारलं असतं.

पुढं दिवस बदलले. मी नोकरीला लागले, संसार झाला, बाटल्या आल्या. मग मीही बाटल्यांचीच झाले. दहावीच्या पेपर तपासणीच्या कामासाठी लातूरला जावं लागायचं. मंडळाचं लातूर विभागीय कार्यालय आपल्या नांदेड, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यासाठी आहे. जायचं, काम करायचं आणि रात्री अक्काकडं मुक्काम. अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी.

अशाच एका खेपेला खोबरेल तेलाच्या बाटलीनं दगा दिला. एप्रिलचं ऊन, एसटीची खिडकीकडची जागा, बॅग मांडीवर. लोहा गेलं, अहमदपूर आलं, चाकूर मागं पडलं, आणि लातूरला उतरून बघते तर काय, एक साडी, एक पोलकं आणि माझी टिपणवही सगळं तेलात न्हालेलं! दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर ती वही काढली, तर पानं पतंगाच्या कागदासारखी पारदर्शक. शेजारच्या बाई म्हणाल्या, "बाई, तुमचं उत्तर मागच्या पानावरून पण दिसतंय." :)

तेव्हापासून तेलाची बाटली भरायचं एक शास्त्र मी ठरवलं. बाटली गळ्यापर्यंत कधीच भरायची नाही. उन्हात तेल फुगतं, बाटलीतली हवा त्याहून जास्त फुगते, आणि झाकण जरा सैल असलं की तेल वाट शोधतं. पाऊण बाटली भरायची, बाटली हातानं किंचित दाबून थोडी हवा बाहेर काढायची आणि दाबलेलीच ठेवून झाकण लावायचं. म्हणजे हवेला फुगायला आतच जागा राहते. झाकणाखाली प्लास्टिकच्या कागदाचा एक तुकडा. आणि निघायच्या आदल्या रात्री बाटली ताटलीत उलटी करून ठेवायची. सकाळी ताटली कोरडी असेल तरच ती बाटली पिशवीत.

विमानात तर हे फारच उपयोगी पडलं. विमानाच्या आत हवेचा दाब जमिनीवरच्याइतका ठेवत नाहीत. दोन हजार मीटर उंचीच्या डोंगरावर असतो साधारण तसा असतो. त्यामुळं बाटलीतली हवा वर गेल्यावर आपोआप फुगते. २०१३ साली लेकाकडं अमेरिकेला गेले तेव्हा माझी एक बाटलीही गळली नाही. पण एक बाटली गेलीच! विमानतळावर तपासणीत काढून घेतली. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनहून निघणारी विमानं पातळ स्फोटकांनी उडवण्याचा कट उघडकीला आला. त्यानंतर हातातल्या सामानात पातळ पदार्थांची बाटली १०० मिलिलिटरहून मोठी नको, असा नियम बहुतेक ठिकाणी आला. माझ्या बाटलीत तेल तेवढंच होतं, पण बाटली होती २०० ची. मी त्या माणसाला समजावून सांगितलं. त्यानं बाटलीवरचा आकडा दाखवला. आतलं किती हे ते बघत नाहीत, बाटली केवढी हे बघतात. आयुष्यभर मी मुलांना 'नीट प्रश्न वाचा' म्हणत आले आणि नियम मात्र स्वतः नीट वाचला नव्हता.

इथवर सगळी हुशारी सामान न सांडण्याची होती. खरा धडा पुढं मिळाला, २०१६ साली.

त्या वर्षीचा दुष्काळ आपल्याकडचं कुणी विसरणार नाही. मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि लातूरचे नळ बंद झाले होते. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ गर्दी करू नये म्हणून जमावबंदीचं १४४ कलम लावायची पाळी आली. मी हे सगळं पेपरात वाचत होते. नांदेडलाही पाण्याची ओढ होतीच. पण वाचणं वेगळं आणि ज्याच्या घरात आहे त्याचं वेगळं, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

एप्रिलमध्ये दाजींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून मी अक्काकडं गेले. नेहमीसारखी नीट पिशवी भरली. साबण, साबणदाणी, तेल, आणि लेकानं आणलेला शाम्पू. कुणाला काही मागायला लागू नये, सगळं आपलं आपण न्यावं, याचा मला मोठा अभिमान. चार तास एसटीत बसून पोचले तेव्हा केसांत नुसती धूळ. अक्कानं चहा दिला. मी म्हटलं, "आधी डोक्यावरून न्हाते."

ती एक क्षण थांबली. मग म्हणाली, "न्हा की." आणि तिनं स्वतः बादली भरून आणून दिली.

लेकाच्या शाम्पूला फेस असा, की जाता जाईना. बादली संपली. मी आतूनच हाक दिली, "अक्का, अजून थोडं पाणी आहे का गं?" बाहेर भांड्यांचा आवाज झाला, मग दार थोडं उघडून तिनं दुसरी बादली आत सरकवली. ती काठोकाठ नव्हती. तेवढ्यावरूनही माझ्या लक्षात यायला हवं होतं.

संध्याकाळी टीव्हीवर सारखी एकच बातमी होती. मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली होती. १२ एप्रिल २०१६. दहा टाक्या, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर. दाजी एका डोळ्याला पट्टी लावून दुसऱ्या डोळ्यानं बघत होते. लातूरची ही लाइन पूर्वी नॅरो गेज होती, त्या छोट्या गाडीची आठवण ते सांगत होते. लाइन रुंद झाली नसती तर एवढ्या टाक्या आल्या असत्या का, असं म्हणाले.

मी मराठीची शिक्षिका असले तरी तोंडी हिशेब मला येतो. पाच लाख लिटर पाणी. गाव चार लाखांच्या आसपास. म्हणजे माणशी सव्वा लिटर. माझ्या दोन बादल्या मिळून तीस लिटर तरी धरा. तीस भागिले सव्वा. चोवीस. चोवीस माणसांच्या वाट्याचं पाणी मी एका दुपारी डोक्यावर ओतून घेतलं होतं, फेस जात नाही म्हणून.

रात्री जेवायला पत्रावळी होत्या. मी विचारलं नाही. सकाळी लवकर जाग आली तर सूनबाई लेकराला परातीत उभं करून ओल्या फडक्यानं पुसून काढत होती. परातीत जमलेलं पाणी तिनं बादलीत ओतलं, संडासासाठी. मागच्या अंगणात तीन ड्रम होते. दोन रिकामे, तिसऱ्यात तळाशी थोडं. टँकर यायला अजून चार दिवस होते.

मी अक्काला म्हटलं, "तू बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? पाव्हण्याला पाणी मोजून द्यायचं का? मायनं असं शिकवलं का आपल्याला?"

"मी पाहुणी आहे का?"

"मग काय आहेस? चार महिन्यांनी येतीस." आणि ती हसली. मला मात्र हसू आलं नाही. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

त्या दिवशी एसटीत परत येताना माझ्या मनात एकच होतं. आईच्या काळी पाहुणा काहीच न्यायचा नाही, घरचंच सगळं वापरायचा. आता आपण सगळं बरोबर नेतो आणि वाटतं, आपला कुणाला भार नाही. पण पाणी? ते तर त्यांचंच वापरतो! आणि बाटल्या जितक्या जास्त, तितकं ते धुवून काढायला पाणी जास्त. माझी पिशवी नीटनेटकी होती, पण तिचा भार अक्काच्या ड्रमावर होता.

मे महिन्यात दाजींची तपासणी होती तेव्हा पुन्हा गेले. निघायच्या आदल्या दिवशी नांदेडलाच न्हाले, तेल लावून घट्ट वेणी घातली. शाम्पू घेतला नाही. साबणाची वडी अर्धी कापून, दोन दिवस वाळवून घेतली. जुन्या सुती पंचाचे चार तुकडे केले, अंग पुसायला. दंतमंजनाची डबी, फणी, आणि एक लहान पेला. चूळ भरायला पेल्यात पाणी घेतलं की तांब्याभर जात नाही. शिवाय पाण्याचे पाच-पाच लिटरचे दोन कॅन. ते चढवताना कंडक्टरनं बघितलं. मला वाटलं, सामानाचं तिकीट मागतो की काय. तो म्हणाला, "लातूरला का? ठेवा सीटखाली."

त्या दोन दिवसांत एका तांब्यात अंग पुसून घ्यायला शिकले. आधी तोंड, मग मान, हात, शेवटी पाय. उन्हाळ्यात त्यानं खरंच बरं वाटतं. कॅन बघून अक्का मात्र रागावली. "माहेरून पाणी आणलंस होय?" म्हणाली. पण दुपारी त्यातल्याच पाण्याचा चहा केला आणि मला विचारलं, "गोदावरीचा चहा कसा झालाय?"

पुढं गाडीला पन्नास टाक्या लागल्या. त्या पावसाळ्यात पाऊस झाला, मांजरा भरलं आणि पाण्याची रेल्वे थांबली. दाजी २०१९ ला गेले, अक्का २०२१ ला. त्या घरात आता नवी न्हाणी आहे, फरशी आहे, वरून शॉवर आहे. सूनबाई फोनवर म्हणाली, "मावशी, या वेळेस गरम पाण्याची सोय केली आहे, निवांत न्हा." मी हो म्हटलं. न्हाईन एका बादलीत.

तर नातीसाठी माझी यादी. अर्धी वाळलेली साबणाची वडी, डबीत खाली जुन्या घासणीचा तुकडा घालून, म्हणजे ओला साबण चिकट होत नाही. ब्रश, टोपण लावून, पण प्रवासातून पोचल्यावर टोपण काढून वाळवायचा. दंतमंजन. तेलाची लहान बाटली. हिवाळ्यात खोबरेल गोठतं, तेव्हा रुंद तोंडाची डबी. फणी. पंचाचे दोन तुकडे. पेला. माझ्या गोळ्या. आणि ही सगळी पिशवी कपड्यांच्या वर ठेवायची, खाली नाही. हे मला तेलात भिजलेल्या साडीनं शिकवलं.

नातीनं सगळं ऐकलं. मग तिच्या बॅगेतून दोन बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. बाकीच्या तशाच राहिल्या. मी काही बोलले नाही. पण रात्री झोपायला जाताना तिनं विचारलं, "आजी, तिथं आता नळाला पाणी रोज येतं का गं?"

"मला नक्की माहीत नाही," मी म्हटलं. "गेल्यावर आधी विचारू."

तेलाची बाटली उलटी करून ताटलीत ठेवली आहे. सकाळी बघते.