गुराबीची नाळ

कागदावर ‘गुराब’ एवढं लिहून पुढच्या वाक्याकडे वळता येतं. लाकडात ती सोय नाही. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, किती पुढे काढू, पोट कुठे फुगवू, डोलकाठीचं भोक कुठे पाडू, हे हातात करवत घेतली की लगेच ठरवावं लागतं. गुराब ही आंग्र्यांच्या आरमारातली लढाऊ बोट, आणि त्या आरमाराच्या पराक्रमाबद्दल मराठीत पुष्कळ वाचायला मिळतं. त्यातलं माझ्या करवतीच्या उपयोगाचं फारच थोडं.

मीरा रोडच्या पेणकरपाड्यातलं आमचं घर दोन खोल्यांचं, त्यामुळे प्रतिकृतीचं प्रमाण ठरवताना फार खल झाला नाही. 1:64. या मापात खरा एक फूट म्हणजे जेमतेम पावणेपाच मिलिमीटर, आणि डेकवर उभा असलेला खलाशी अर्ध्या आगकाडीहून किंचित उंच. 70 फुटी गुराब 33 सेंटिमीटरची होते आणि टीव्हीच्या बाजूला मावते. हे 70 फूट मी धरलेत, मला कोणी सांगितलेले नाहीत.

याआधी मी मुंबईचीच एक बोट केली होती, ट्रिंकोमाली. जमशेटजी बोमनजी वाडियांनी मुंबईच्या गोदीत मलबारी सागात बांधलेली ही ब्रिटिश फ्रिगेट 1817 च्या ऑक्टोबरात पाण्यात उतरली आणि आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. तिचे नकाशे इंग्लंडहून यायचे होते. ते घेऊन निघालेलं ‘जावा’ हे जहाज 1812 च्या डिसेंबरात ब्राझीलजवळ अमेरिकनांच्या हाती लागलं आणि संपलं, मग नकाशे पुन्हा पाठवावे लागले. म्हणजे काम अडलं ते कागदासाठी. त्या कागदी शिस्तीमुळेच माझ्यासारख्याला दोनशे वर्षांनी मीरा रोडला बसून तिची एकेक बरगडी बिनचूक कापता येते. अवघड काम, पण डोक्याला त्रास नाही. कागद सांगेल तसं कापायचं.

गुराबीचा असा नकाशा माझ्यासमोर नाही. ज्यांनी ती बांधली त्यांचं माप डोळ्यात आणि दोरीत होतं, आणि ते त्यांच्याबरोबर गेलं. विजयदुर्गाजवळ गिर्ये इथे मराठ्यांची गोदी अजून बघायला मिळते, पण तिच्यात बसणारं जहाज कुठेच नाही. तुळाजी आंग्र्यांचं आरमार 1756 च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या पायथ्याशी जळलं. इंग्रजांच्या तोफा, आणि पेशवे त्यांच्याच बाजूला. या लढाईचं डॉमिनिक सेरेसने 1771 मध्ये काढलेलं चित्र मी पुष्कळदा न्याहाळलंय. प्रसंगानंतर पंधरा वर्षांनी काढलेलं ते चित्र. त्यात धूर भरपूर आहे आणि मला हवा तो सांधा नेमका धुराच्या आड आहे.

कामाचा माणूस भेटला तो रॉबर्ट ऑर्म. ईस्ट इंडिया कंपनीचा हा इतिहासकार आंग्र्यांना चाचे समजणारा, पण नजर सुताराची. त्याने लिहिलंय त्याचा गोषवारा असा: गुराबीला बहुधा दोन डोलकाठ्या, क्वचित तीन. दोन काठ्यांची साधारण दीडशे टनांपर्यंत. बूड उथळ, लांबीच्या मानाने रुंदी भरपूर, मध्यापासून पुढे निमुळती होत गेलेली. पुढे इतर जहाजांसारखी गोलाई नाही, भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी लांब नाळ पुढे आलेली. तिच्यावर मुख्य डेकच्या पातळीतच भक्कम डेक, पण त्याला कठडा नाही, म्हणजे वर आलेलं पाणी न अडता वाहून जावं. या नाळेच्या मागे आडवी लाकडी भिंत, तिला दोन भोकं, आणि त्यातून नाळेवरून थेट समोर मारा करणाऱ्या नऊ किंवा बारा पौंडी दोन तोफा.

एवढ्या ऐवजावर मी बांधायला बसलो. 70 फुटांना रुंदी 23 धरली. जुन्या इंग्रजी हिशेबाने टनांचं गणित करून पाहिलं तर दीडशेच्या आसपास येतं. पण ‘निमुळती होत गेलेली’ म्हणजे किती? फळ्या चढवताना हा प्रश्न अंगावर येतो. माझी एक फळी पाच मिलिमीटर रुंद आणि दीड जाड. मध्यावरच्या बरगडीवर कागदाची पट्टी गुंडाळून घेर घ्यायचा, तसाच नाळेजवळचा घ्यायचा आणि दोन्ही ठिकाणी फळ्यांची संख्या तीच ठेवून भागायचं. म्हणजे प्रत्येक फळी पुढे किती तासायची ते कळतं. फळी निम्म्याहून बारीक होऊ द्यायची नाही. होणार असं दिसलं तर दोन फळ्या संपवून त्यांच्या जागी एकच पुढे न्यायची. गुराब पुढे इतकी आवळत जाते की माझ्या बोटीत हे दोन्ही अंगांना करावं लागलं. मग फळी गरम पाण्यात भिजवायची, सोल्डरिंगच्या कांडीवर हळूहळू वळवायची आणि कपड्यांच्या चिमट्यांनी धरून ठेवायची. पावसाळ्यात हे काम मी करत नाही. इथल्या दमट हवेत लाकूड आडवं फुगतं, आणि तेव्हा घट्ट बसवलेल्या फळ्यांमध्ये डिसेंबरात फटी दिसू लागतात.

लाकूड हेदाचं. खरी जहाजं सागाची, पण सागाचे रेषे या मापात दोरखंडाएवढे दिसतात. हेद बारीक पोताचा, पिवळसर, आणि सुरीला कुरकुर न करणारा. खिळ्यांच्या जागी बांबूच्या काड्या, पोलादी पट्टीतल्या लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढून केसासारख्या केलेल्या. त्या काळ्या रंगवतो, कारण मूळ खिळे लोखंडी असणार. सागातलं तेल लोखंड सांभाळतं, विलायती ओकमधलं आम्ल ते खातं, म्हणून सागाच्या जहाजात लोखंडी खिळा पिढ्या काढतो. तोफा पितळी सळईच्या. ड्रिलमध्ये सळई धरून फिरवायची आणि कानशीने आकार द्यायचा. यात वर्णन करण्यासारखं काही नाही. कंटाळवाणं काम आहे.

नाळेचं घोडं मात्र अडून राहिलं होतं. ऑर्म ‘पुढे आलेली’ म्हणतो, फूट सांगत नाही. शेवटी सांगाडा पिशवीत घालून उत्तनला गेलो. तिथे होड्या दुरुस्त करणारे एक वयस्कर मिस्त्री आहेत. त्यांनी तो डोळ्यांच्या रेषेत धरला, एक डोळा मिटून मागून पुढे पाहिलं.

“माल कुठं भरायचा हिच्यात?” त्यांनी विचारलं.

“माल नाही काका, लढाईची आहे. पुढे तोफा.”

“मग वारा समोरून असला की ही डोकं घालणार पाण्यात. पुढं जड आणि खाली अंग नाय.”

ऑर्मने अगदी हेच लिहून ठेवलंय. समोरून लाटा आल्या की ही नाळ जोरजोरात आपटते, म्हणूनच तर तिच्यावर कठडा नाही. मी काकांना ते सांगितलं तेव्हा त्यांना विशेष काही वाटलं नाही. त्यात लिहून ठेवण्यासारखं काय, असा चेहरा. मग त्यांनी खिशातली पेन्सिल काढून नाळेवर आडवी खूण केली. “हिच्यापुढं नको. तुटंल.” मी माप घेतलं, खऱ्या मापात साधारण बारा फूट. तेवढी ठेवली. हा आकडा पुराव्याचा नाही, पण उगाच धरलेलाही नाही.

त्या खुणेनंतर मी बोटीची एक रीत ठरवून टाकली. ज्या भागाला लेखी आधार आहे, त्याला तेलपाणी देऊन गडद करायचं: रुंद पोट, बिनकठड्याची नाळ, आडवी भिंत, तिच्यातली दोन भोकं, दोन डोलकाठ्या. जे मी धरलंय ते हेदाच्या मूळ फिक्या रंगातच ठेवायचं. संग्रहालयात फुटक्या रांजणाचा हरवलेला तुकडा साध्या प्लास्टरने भरतात, त्यातलाच प्रकार. अर्थात हेही सोपं नाही. नाळेचा आकार ऑर्मचा आणि लांबी काकांची, तर तिचं बूड गडद आणि टोक फिकं झालंय. सुकाणूचा दांडा फिका. मागची केबिन पूर्ण फिकी. दोर काथ्याचे असणार म्हणून विलायती जहाजांसारखे काळे न करता मेण लावलेल्या तपकिरी सुताचे घेतले, पण ते कुठून कुठे बांधायचे हे बहुतेक माझंच. शिडांचंही धरूनच चालावं लागलं. गलबताच्या, म्हणजे त्याच आरमारातल्या लहान बोटीच्या, मोठ्या काठीला एक भलंथोरलं तिकोनी शीड असे, हे ऑर्म सांगतो. गुराबीवर मी चौकोनी शिडं लावणार आहे, परबाणं, म्हणजे शिडांच्या आडव्या काठ्या, तासून तयार आहेत, ती फिकीच राहतील.

शेजारच्या वहिनी साखर मागायला आल्या तेव्हा बोट बराच वेळ बघत होत्या. जाताना म्हणाल्या, “छान झालीय हो, पण पॉलिश मध्येच संपलं का?”