अडॅप्टर बसेल, पण गाडी चार्ज होईल का?

ठिबकच्या सुट्या भागांचा माझा व्यवसाय, त्यामुळे जळगाव-धुळे ही नेहमीची वाट. एरंडोल, पारोळा करत नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर जायचं, माल उतरवायचा, वसुली करायची, संध्याकाळी परत. डिझेलचा खर्च खुपायला लागला तशी मी जुनी इलेक्ट्रिक गाडी शोधू लागलो.

नाशिकला टॅक्सीच्या ताफ्यातून निघालेली २०१९ची टिगोर ईव्ही स्वस्तात मिळत होती. बॅटरी २१.५ युनिटांची. उन्हाळ्यात एसी लावून जाऊन-येऊन करायचं तर धुळ्यात फास्ट चार्जिंग हवंच. अडचण अशी, की गाडीचं सॉकेट जुन्या ‘भारत डीसी-००१’ पद्धतीचं आणि हायवेवर जिथे बघावं तिथे सीसीएस-२च्या गन. दलालाकडे तोडगा तयार होता. “अडॅप्टर लावा ना भाऊ! टेन्शन कशाला घेता?” लगेच मोबाइलवर फोटोही आले.

ते फोटो मी धुळ्यातल्या ओळखीच्या वायरमनला दाखवले. तो मला सरळ एका पेट्रोल पंपावरच्या चार्जरजवळ घेऊन गेला आणि बाजूच्या पट्टीवरची धूळ त्याने बोटाने पुसली. आउटपुट डीसी २०० ते १००० व्होल्ट. मग म्हणाला, “तुमनी गाडी कितला व्होल्टनी शे?”

टिगोर होती ७२ व्होल्टची. त्या काळची महिंद्राची ई-व्हेरिटोही तेवढ्याचीच. भारत डीसी-००१ चार्जर अशाच गाड्यांसाठी बेतलेला : कमी व्होल्ट, २०० अँपिअरपर्यंत करंट, जास्तीत जास्त १५ किलोवॅट. समोरचं मशीन २०० व्होल्टच्या खाली उतरतच नव्हतं.

अडॅप्टरमध्ये सर्किट असतं. गन आणि गाडी यांची संदेश पाठवण्याची रीत वेगळी असली, तरी ते दोघांचं जुळवून देतं. पण व्होल्ट उतरवणं हे त्याचं काम नाही. ठिबकच्या धंद्यात हे रोजचंच आहे : रिड्यूसरने मोठा पाइप लहानाला जोडता येतो, प्रेशर कमी करायला मात्र रेग्युलेटरच लागतो. पंधरा किलोवॅट पेलणारा तसा कन्व्हर्टर पंख्यासकट चांगला जडशीळ होईल. डिकीत टाकून फिरवण्याची ती वस्तू नव्हे.

मी टिगोरचा नाद सोडला आणि थोडे जास्त पैसे घालून पहिल्या पिढीची, २०२०ची नेक्सॉन ईव्ही घेतली. बॅटरी ३०.२ युनिटांची, तीनशेच्या वरचे व्होल्ट आणि सीसीएस-२चं सॉकेट मूळचंच. धुळ्यात गन लावायची आणि वसुलीला निघायचं. घरी १५ अँपिअरच्या प्लगवर रात्रभर. त्यासाठी नवं आर्थिंग आणि स्वतंत्र एमसीबी तेवढी बसवून घेतली.

एखादा ‘फास्ट’ अडॅप्टर जोडला की घरच्या प्लगवरही गाडी झटपट चार्ज होते, असं सांगणारे आता भेटतात. घरी येते ती एसी वीज; तिची डीसी करतो गाडीतला चार्जर. तो ३.३ किलोवॅटचा असेल, तर कुठलाही जोड लावा, वेग तोच.

म्हणून जुनी गाडी बघायला निघालेल्यांना मी सांगतो : आधी बॅटरीचे व्होल्ट विचारा, मग आपल्या वाटेवरच्या चार्जरची पट्टी वाचा. हे दोन आकडे जुळत नसतील, तर अडॅप्टरची किंमत विचारायचीही गरज नाही.