सरड्याची अक्षरं मोठ्याने वाचायचे दिवस

सरडा ओळखायचा म्हणजे खवले मोजायचे, हे आमच्या पिढीचं पहिलं शिक्षण. बरणीतला सरडा काढायचा, नळाखाली धुवायचा, भिंगाखाली धरायचा आणि सुईचं टोक टेकवत मोजत सुटायचं. पोटाच्या मध्यावर अंगाभोवती खवले किती, पाठीवरचे कंगोरेदार की गुळगुळीत, मागच्या पायाच्या चौथ्या बोटाखाली पट्टिका किती. शेजारी माल्कम स्मिथचा सरड्यांवरचा १९३५चा खंड उघडा. मध्येच कुणी हाक मारली की आकडा गेलाच, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. फॉर्मालिनने डोळे चुरचुरायचे. तरी ते तास मला आजही प्रिय आहेत, कारण त्या सरड्याचं अंग न् अंग ओळखीचं व्हायचं.

रंग मात्र बरणीत राहत नसे. गळ्याखालचा पंखा फुलवणारे आपल्याकडचे सगळे सरडे स्मिथने सिटाना पाँटिसेरियाना या एकाच प्रजातीत बसवले होते. क्युव्हिएने १८२९ साली दिलेलं हे नाव. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर उन्हाळ्यात जावं तर दगडावर चढून बसलेल्या नराच्या गळ्याशी निळा, काळा, केशरी रंग उघडमीट करताना दिसे, आणि दुसऱ्या मुलखातल्या नराचा पंखा पाहावा तर फिकट, जेमतेम रंगाचा. बरणीत गेले की दोघेही सारखेच मातकट.

मग मायटोकाँड्रिया आला. शाळेच्या पुस्तकातली तंतुकणिका. तिचा डीएनए आईकडून येतो, एकेका पेशीत त्याच्या पुष्कळ प्रती असतात आणि तो भराभर बदलतो, म्हणून जवळच्या नात्यांचा माग काढायला सोयीचा. पण तो वाचायचा म्हणजे केवढा व्याप! दोन काचांमध्ये जेल ओतायची, बुडबुडा राहिला की सगळं फुकट. किरणोत्सारी द्रव्य लावलेले तुकडे त्यातून पळवायचे, जेल वाळवून एक्स-रे फिल्मला चिकटवायची आणि थांबायचं. फिल्म धुतल्यावर चार रांगांत काळ्या रेघा उमटत. ती प्रकाशपेटीवर ठेवून एकाने खालून वर वाचायचं, "ए, ए, टी, सी, जी…", दुसऱ्याने वहीत लिहायचं आणि मग उलट वाचून पडताळायचं. एका फिल्मवर दोन-तीनशे अक्षरं नीट लागली की आम्ही खूश. सरड्याच्या मायटोकाँड्रियात साधारण सतरा हजार अक्षरं आणि ३७ जनुकं असतात. ती सगळी कधी एकत्र पाहायला मिळतील, असं तेव्हा मनातही येत नसे.

आज ती फाइलमध्ये येतात. शेपटीचं इवलंसं टोक पुरतं, सरड्याला बहुतेक वेळा सोडून देता येतं. ही गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते; आमच्या बरण्या भरण्यासाठी किती जीव गेले, ते आम्ही पाहिलंय. २०१६ साली व्ही. दीपक, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पंखावाल्या सरड्यांची मायटोकाँड्रियातल्या एनडी२ जनुकावरून, आणि अंगलक्षणांवरूनही, नव्याने मांडणी केली. एकाच नावाखाली दडलेल्या पाच नव्या प्रजाती निघाल्या, शिवाय 'सरडा' हा नवा वंशही. चाळकेवाडीचा तो रंगीत नर आता सरडा सुपर्बा.

अक्षरांइतकाच जनुकांचा क्रमही बोलतो. एनडी२च्या अगदी अलीकडे टीआरएनएची तीन छोटी जनुकं ओळीने असतात. इतर बहुतेक पृष्ठवंशीयांच्या तुलनेत आपले सरडे आणि शॅमेलिऑन यांच्यात त्यातल्या पहिल्या दोघांनी जागांची अदलाबदल केली आहे. दोघं भाऊबंद असल्याची यापेक्षा सुबक खूण मला माहीत नाही. २००७ साली आमेर आणि कुमाझावा यांनी आपल्या बागेतल्या सरड्याचा, कॅलोटिस व्हर्सिकलरचा, संपूर्ण मायटोकाँड्रियल जीनोम मांडला, तर त्यात प्रोलीनच्या टीआरएनएचं जनुक चक्क उलटं बसलेलं. कुंपणावर मान हलवत बसणारा हा प्राणी आम्ही लहानपणापासून पाहत आलो, आणि हे त्याच्या पोटात होतं.

पण संपूर्ण जीनोम हाती आल्यावर एक चकवाही समोर आला. मायटोकाँड्रियाच्या प्रथिनांवरून वंशवृक्ष काढला की साप थेट अगॅमिड सरड्यांच्या, म्हणजे आपल्या याच कुलाच्या, शेजारी जाऊन बसत. केंद्रकातली जनुकं असलं काही सांगत नव्हती. २००९ साली कॅस्टो आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की या दोन्ही गटांच्या मायटोकाँड्रियल प्रथिनांत सारखेच बदल स्वतंत्रपणे घडले आहेत. निवडीच्या दाबाखाली दोन वेगळी घराणी एकसारखी झाली होती. प्रथिनं बनवणारी सगळी १३ जनुकं शेजारी शेजारी मांडली, म्हणून हे ध्यानात आलं. आमच्या दोन-तीनशे अक्षरांत ते दिसणं शक्यच नव्हतं, कितीही मोठ्याने वाचली असती तरी.