अक्काला, लेकीच्या बाळंतपणाआधी

जालना

प्रिय अक्का,

डिंक आणि अळीव पाठवतेय. लाडू, मालीश, बाजेवरची विश्रांती यांत तुझा हात कुणी धरणार नाही. माझं भांडण आहे ते पहिल्या तीन दिवसांशी.

चीक पिळून टाकायचा, बाळाला मधाचं बोट नाहीतर गुळाचं पाणी चाटवायचं आणि दूध उतरायची वाट बघायची. आईनं हेच केलं, तूही. म्हैस व्याली की चिकाचा खरवस आपण वाटीवाटीनं घरोघर पोचवतो. माणसाच्या लेकराचा तेवढा मातीत! त्या पिवळ्या, घट्ट दुधात रोगाशी लढणारी द्रव्यं असतात. ते थेंबभरच येतं, पण पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात जागाही चमचा-दोन चमच्यांचीच. आणि दूध उतरतं ते बाळाच्या ओढण्यानं. तीन दिवस अंगावर घेतलंच नाही तर उशीर होणारच. मग घरभर एकच, 'हिला दूधच नाही.' पोरीला ते खरं वाटतं, पावडरचा डबा येतो. माझ्या मते प्रथेचं खरं नुकसान हे.

मध तर वर्षाच्या आत नकोच. त्यातल्या जंतूंनी क्वचित बाळ लुळं पडतं. घुटीची सहाणही ठेवून दे. पाचवीला सटवाई खुशाल पूज, बाळ मात्र तोवर उपाशी नको.

दवाखान्यात सगळं आपोआप होईल, असं समजू नकोस. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली ९० टक्क्यांहून जास्त बाळंतपणं दवाखान्यात झालेली, पण तासाभरात अंगावर पाजलेली बाळं जेमतेम निम्म्याहून थोडी अधिक. सिझर झालं तरी तू पाठीशी लाग.

दिवस चैत्रात भरतायत. 'घसा कोरडा पडतो' म्हणून शेजारणी पाणी पाजायला सांगतील. आईच्या दुधात बहुतेक पाणीच असतं. सहा महिने वरचं काही लागत नाही. आपल्याकडचं टँकरचं पाणी, त्यात बाटली. हगवण लागायला आणखी काय हवं?

अंगणवाडीत कामाला असताना हेच मी वस्तीवरच्या बायकांना सांगायचे. ऐकून घ्यायच्या बिचाऱ्या. पण दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला निघालेली आई लेकराला पाचटावर निजवून मोळ्या बांधते. उचल घेतलेली, खाडा पडला तर पैसे कापतात. तिथं प्रथेला काय बोल लावायचा? आपली पोरगी निदान सहा महिने घरात आहे.

विहीणबाईंशी आत्ताच बोलून घे. मध चाटवायचा मान आपलाच, असं त्या धरून बसल्या असतील. तुला अवघड वाटत असेल तर मी फोन करते.

तुझी धाकटी