अकरा लिटरांचा संसार

वकिलाने स्वतःच्या घरात करारपत्र करू नये, असे आमचे एक वडीलधारे सहव्यवसायी नेहमी सांगत. घरच्या करारात साक्षीदार हमखास फितूर होतात आणि न्यायाधीश स्वयंपाकघरात बसलेला असतो. हा उपदेश विसरून, २०२५ च्या मे महिन्यात न्यायालयाला सुटी लागताच, आम्ही आमच्या चिरंजिवांशी एका साध्या कागदावर करार केला. त्यात तीन कलमे होती. पैकी दोन आम्हीच मोडली. तिसरे असे की, जो हरेल त्याने आपली हार लेखी कबूल करावी. प्रस्तुत लेख ही ती कबुली होय.

विषय होता गेम कन्सोलचा. 'बारावी होऊ दे, मग काहीतरी घेऊन देऊ,' असे मोघम आश्वासन आम्ही केव्हातरी देऊन बसलो होतो. चिरंजीव बारावी झाले, पुण्याला अभियांत्रिकीसाठी जाण्याचे ठरले, आणि त्यांनी त्या मोघम आश्वासनावर बोट ठेवले. म्हापशाच्या मावसभावाकडे प्लेस्टेशन ५ आहे; तसेच आपल्याला हवे. किंमत ५४,९९० रुपये. मागणी स्पष्ट, रक्कम निश्चित. आम्ही मात्र उगाच प्रतिवाद मांडला.

प्रतिवाद असा. कन्सोल ही पेटी आपण पैसे मोजून घरी आणतो, पण तिच्यात काय चालावे हे ठरविणारा दुसराच असतो. गोव्यातल्या वाचकांना हे नाते नवे नाही. घर आपले, जमीन भाटकाराची! मुंडकाराला निदान १९७५ च्या कायद्याने संरक्षण दिले; कन्सोलच्या मुंडकाराला तेही नाही. २००६ साली निघालेल्या प्लेस्टेशन ३ वर लिनक्स ही मुक्त प्रणाली बसविण्याची सोय कंपनीनेच दिली होती. २०१० च्या एप्रिलमध्ये एका सुधारणेसरशी ती सोय काढून घेण्यात आली. ज्याला सुधारणा नको असेल त्याने जालावरचे खेळ सोडावेत. कॅलिफोर्नियात खटला झाला, तो वर्षानुवर्षे रेंगाळला आणि अखेरीस तडजोडीने मिटला. विकलेल्या वस्तूतला एक भाग विक्रेत्याने मागाहून येऊन उचलून नेला, ही घटना आम्हाला वकील या नात्याने फार दिवस सलत होती. आम्ही ती चिरंजिवांना पाऊण तास समजावून सांगितली. ते ऐकत होते असे आम्हाला वाटले.

'मग काय करायचे?' त्यांनी विचारले.

'आपण स्वतः पेटी बांधू,' आम्ही म्हणालो. 'तेवढ्याच पैशांत, तेवढीच लहान, तेवढीच जोरकस.'

हे बोलताना आम्हाला त्या विषयातले ओ की ठो कळत नव्हते. पण गेली दोन वर्षे ज्या मुलाची आमच्याशी होणारी सारी संभाषणे 'हो' आणि 'बघू' या दोन शब्दांत आटपत होती, तो त्या रात्री कागद-पेन्सिल घेऊन आमच्या टेबलाशी दीड वाजेपर्यंत बसला. कराराचा मसुदा तेव्हाच झाला. कलम पहिले : एकूण खर्च ५४,९९० च्या आत. कलम दुसरे : जोडणी करताना उभय पक्ष हजर असावेत.

लहान पेटीचा हट्ट हौशीपोटी नव्हता. वसतिगृहातल्या टेबलावर ती राहावयाची आणि फोंड्याहून पुण्याला रात्रीच्या बसने पिशवीतून जावयाची होती. म्हापशाचे ते जुन्या नमुन्याचे प्लेस्टेशन साधारण साडेदहा लिटर जागा व्यापते. (संगणकाचा आकार लिटरांत मोजतात, हे कळल्यावर आमच्या मातोश्रींनी, 'मग शेर-पायली का नको?' असे विचारले.) कंपनीने २०२३ साली त्याहून बारीक नमुना काढला, तो आम्ही पैजेतून सोयीस्करपणे वगळला. आम्ही निवडलेले कॅबिनेट अकरा लिटरांचे. त्यात बसणारा मदरबोर्ड मिनी-आयटीएक्स जातीचा, म्हणजे १७० मिलिमीटर लांब आणि तेवढाच रुंद. आमच्या ताम्हनात सहज मावेल. ग्राफिक्स कार्ड या बोर्डाच्या पाठीला पाठ लावून उभे राहते आणि रायझर नावाची एक चपटी केबल दोघांना जोडते.

येथे आम्हाला पहिला धडा मिळाला. वस्तू लहान मागितली की किंमत मोठी होते. हाच बोर्ड थोराड आकाराचा घेतला असता तर पाच हजार तरी वाचते. कॅबिनेट आणि एसएमपीएस यांचेही तसेच. कन्सोलवाल्याला हे दुःख नाही. तो मुळात प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच चकतीवर कोरून घेतो, सोळा जीबी मेमरी दोघांत सामाईक ठेवतो आणि अशा लाखो पेट्या एका साच्यातून काढतो. एकत्र कुटुंबाची काटकसर ती! आमच्याकडे विभक्त संसार. प्रत्येकाची चूल वेगळी. गमतीची गोष्ट अशी की, प्लेस्टेशनची ती चकती आणि आम्ही घेतलेला रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर ही दोन्ही एएमडी या एकाच घराण्याची अपत्ये. आमच्या रेडिऑन आरएक्स ६६०० कार्डात गणनाचे २८ विभाग, तर प्लेस्टेशनमध्ये त्याच पिढीचे ३६. म्हणजे चुलत भाऊ आमच्यापेक्षा अंगाने भरलेला. उलट आमचा प्रोसेसर एक पिढी पुढचा आणि कार्डाची आठ जीबी मेमरी कोणाशी वाटून न घेतलेली. आमचा दूरदर्शन संच १०८० रेषांचा. तेवढ्या चित्रासाठी हे बळ पुरेसे होते. २१६० रेषांच्या, म्हणजे ४के पडद्यावर आम्ही मार खाल्ला असता, हे नमूद करतो.

कार्ड नवे घेणे परवडेना. आमचे बेळगावात काम निघाले होते, तेव्हा चोर्ला घाट चढून तेथल्या एका दुकानदाराकडून वापरलेले कार्ड तेरा हजारांना आणले. त्याने ते अर्धा तास चालवून, तापवून दाखविले. जुने कार्ड घेताना पंख्याचा आवाज कान लावून ऐकावा, असे चिरंजिवांनी बजावले होते. आम्ही भर दुकानात खाली वाकून कान लावला. पेट्रोलचा खर्च हिशेबात धरला नाही, कारण प्रवास अन्य कामासाठी होता. या मुद्द्यावर चिरंजिवांनी हरकत नोंदवली आहे.

सामान येऊन पडले. जोडणी रविवारी करावयाची होती. शनिवारी रात्री घर झोपले, आणि आम्हाला मोह झाला.

मोहाचे समर्थन करता येत नाही, म्हणून करीत नाही. एवढेच सांगतो की, पुढे पुण्याला गेल्यावर मुलाला आपण काही शिकवू शकू अशी एकही गोष्ट आता आपल्यापाशी उरलेली नाही, हा विचार त्या आठवड्यात वारंवार मनात येत होता. निदान प्रोसेसर बसवून ठेवावा आणि सकाळी सहज दाखवावा, असे वाटले. या जातीच्या प्रोसेसरच्या तळाशी १,३३१ सोनेरी टाचण्या असतात, कुसळाहून बारीक. एका कोपऱ्यावर लहानसा त्रिकोण असतो. तो बोर्डावरच्या त्रिकोणाशी जुळवावयाचा आणि प्रोसेसर अलगद सोडावयाचा. जोर मुळीच लावावयाचा नाही. हे सारे आम्ही वाचले होते. दिवा मंद, चष्मा दुसऱ्या खोलीत. आम्ही जोर लावला.

उचलून पाहिले तो एका कडेच्या चार टाचण्या आडव्या झालेल्या. ९,८०० रुपयांचा जिन्नस. आम्ही तो तसाच खोक्यात ठेवला आणि पहाटेपर्यंत छताकडे पाहत राहिलो. आयुष्यभर अशिलांना एकच सांगत आलो आहोत : आधी आम्हाला खरे सांगा, मग आपण काय ते पाहू. सकाळी चहाच्या वेळी हे वाक्य आमच्याकडे वळून पाहत होते. चिरंजीव बशीत बिस्कीट बुडवीत असताना आम्ही म्हणालो, 'काल रात्री कलम दुसरे मोडले.'

त्यांनी खोके उघडले. खिडकीपाशी नेऊन, प्रोसेसर तिरपा धरून, एक डोळा मिटून टाचण्यांच्या रांगा पाहिल्या. बराच वेळ काही बोलले नाहीत. ती शांतता आम्ही उच्च न्यायालयातही अनुभवलेली नाही.

'तुटली एकही नाही,' शेवटी ते म्हणाले. 'शेटांकडे जाऊ या.'

शेट म्हणजे आमचे घरोब्याचे सोनार. सौभाग्यवतींचे मंगळसूत्र त्यांच्या वडिलांच्या हातचे. त्यांनी डोळ्याला भिंग लावले, प्रोसेसर मखमलीच्या तुकड्यावर उताणा ठेवला आणि उद्गारले, 'भांगरापरस नाजूक आसा मरे हें!' मग आमच्या चेहऱ्याकडे पाहून, 'भिवपाची गरज ना.' सर्वांत बारीक चिमटा घेऊन त्यांनी एकेक टाचणी थोडी थोडी उचलली; एकदम सरळ केली तर मुळाशी तुटेल म्हणून एक अर्धी उठवून दुसरीकडे वळायचे, पुन्हा पहिलीकडे यायचे. वीस मिनिटे लागली. चिरंजीव शेजारी उभे राहून मोबाइलच्या उजेडात त्यांना रांगेचा सरळपणा सांगत होते, 'आणखी जरा डावीकडे, शेट.' मजुरी विचारली तर शेटांनी हात हलविला. पेटी चालली की दाखवायला आणा, म्हणाले.

दुपारी जोडणी झाली, उभय पक्ष हजर. या वेळी आमच्याकडे फक्त स्क्रू धरण्याचे काम होते. अकरा लिटरांत सारे बसवायचे तर क्रमाला फार महत्त्व असते. एसएमपीएसच्या केबली आधी वळवून घ्याव्या लागतात. कार्ड आधी बसवले तर हात आत जात नाही. आम्ही दोनदा सारे काढून पुन्हा लावले. आमचे तीर्थरूप सोप्यावरून पाहत होते. चतुर्थीला माटोळी बांधण्याचे काम आमच्या घरात साठ वर्षे त्यांच्याकडे आहे. चौकट तेवढीच, आणि नारळ, केळीचे घड, सुपारीचे घोस, रानफळे दरवर्षी वाढलेली. ते म्हणाले, 'जड ते आधी आणि कडेला. लोंबणारे शेवटी.' चिरंजिवांनी त्याप्रमाणे केले आणि कॅबिनेटचे झाकण लागले. प्रोसेसर ६५ वॅटचा, कार्ड १३२ वॅटचे, म्हणून ४५० वॅटचा एसएमपीएस पुरून उरतो. प्रोसेसरबरोबर मिळालेला पंखा ५४ मिलिमीटर उंच, तो झाकणाखाली जेमतेम मावला.

बटण दाबले. पंखे फिरले. पडद्यावर काळोख.

आम्हाला वाटले, त्या चार टाचण्याच. चिरंजिवांचाही चेहरा उतरला. पाच मिनिटे गेल्यावर सौभाग्यवती हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, 'ही टीव्हीची केबल वरच्या भोकात आहे. तसेच भोक खालीही दिसते, ते कशाला?' वरचे भोक मदरबोर्डाचे. आमच्या प्रोसेसरला स्वतःचे चित्र काढता येत नाही. चित्र निघते ते खालच्या कार्डातून. केबल बदलली आणि घर उजळले.

विंडोज चोरून घालण्यास आम्ही परवानगी दिली नाही आणि विकत घेण्यास पैसे उरले नव्हते, म्हणून चिरंजिवांनी लिनक्स बसविले, तेच, जे प्लेस्टेशन ३ वरून काढून घेतले गेले. आमचा पाऊण तास वाया गेला नव्हता म्हणायचा. 'गॉड ऑफ वॉर' हा २०१८ चा प्लेस्टेशनवरचा खेळ २०२२ च्या जानेवारीत संगणकासाठीही आला; तो लावला. सेकंदाला साठ चित्रे, कोठे अडखळणे नाही. म्हापशाहून मावसभाऊ मुद्दाम आला होता. त्यालाही आमच्या पडद्यावर फरक दाखविता आला नाही. खेळात एक अबोल बाप आणि त्याचा मुलगा आईची रक्षा घेऊन पर्वताकडे निघालेले असतात. वाटेत देव भेटतात आणि बाप त्यांच्याशी लढतो. मातोश्री जपमाळ थांबवून विचारीत, 'हो खंयचो देव?' उत्तरेकडचे देव, असे सांगितल्यावर त्या हिमालयाच्या दिशेने पाहून गप्प राहत. आम्ही शेजारी बसून तीन रात्री तो खेळ पाहिला. बापाचे काम फारसे बोलके नव्हते, पण जमले होते.

आता हिशेब. प्रोसेसर ९,८००, कार्ड १३,०००, बोर्ड ११,२००, रॅम ३,२००, एक टीबीची एसएसडी ५,४००, एसएमपीएस ६,९००, रायझरसह कॅबिनेट ६,४००, बेरीज ५५,९००. कन्सोलबरोबर कंट्रोलर मिळतो, आम्हाला तो ४,२०० ना वेगळा घ्यावा लागला. एकूण ६०,१००. म्हणजे ५,११० रुपयांनी आम्ही हरलो. कन्सोलवर इतरांशी जालावरून खेळण्यासाठी बहुतेक विकतच्या खेळांना वर्गणी लागते, ती येथे वाचते, हा युक्तिवाद आम्ही केला; करारात वर्गणीचा उल्लेख नसल्याने तो फेटाळण्यात आला.

मालकीच्या बाबतही पूर्ण खरे सांगितले पाहिजे. पेटी आमची झाली, प्रत्येक स्क्रू आमचा. खेळांचे तसे नाही. कॅलिफोर्नियाने असा कायदा केला की, ग्राहकाला केवळ परवाना मिळत असेल तर तसे स्पष्ट सांगितल्याशिवाय डिजिटल वस्तूपुढे 'खरेदी करा' असे लिहिता येऊ नये. तो २०२५ च्या प्रारंभी लागू झाला. त्याच्या आधीच, २०२४ च्या ऑक्टोबरात, संगणकावरचे खेळ विकणाऱ्या स्टीमनेही पैसे भरण्याच्या पानावर, आपण परवाना घेत आहात, असे लिहावयास सुरुवात केली. म्हणजे घराखालची जमीन सुटली तरी कुळागर अजून भाटकाराचेच. चिरंजिवांनी हे आम्हाला स्वतः वाचून दाखविले, आणि वर 'तुमचा मुद्दा अर्धा टिकला' असा अभिप्राय दिला.

ऑगस्टमध्ये पेटी पुण्याला गेली. जुन्या सोवळ्याच्या पंचात गुंडाळून, कपड्यांच्या मध्ये ठेवून, पाच किलोंचे ते ओझे त्यांनी बसमध्ये मांडीवर घेतले. सामानाच्या कप्प्यात ठेवू दिले नाही. जाण्यापूर्वी शेटांना दाखवून आणली होती. शेटांनी कान लावून पंखा ऐकला.

फोन आठवड्यातून एकदा येतो. डिसेंबरात तो मंगळवारी आला, आमचा वार नसताना. रॅम दुप्पट करायची होती, पण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कारखान्यांनी मेमरीची मागणी एवढी वाढविली होती की, ३,२०० ची वस्तू दुपटीहून महाग झाली होती. थांबावे की घ्यावी? आम्ही विचारले, मूळची रॅम बोर्डाच्या कोणत्या खाचेत आहे, आणि दुसरी खाच पंख्याखाली दबते का. पलीकडे क्षणभर शांतता.

'थांबा बाबा,' चिरंजीव म्हणाले, 'झाकण काढून सांगतो.' आणि फोन चालूच ठेवून त्यांनी स्क्रू काढावयास घेतले.