ऐंशीच्या वेगातली थरथर

२०१९ च्या जून महिन्यात आमच्या गाडीला पंधरा वर्षे पूर्ण व्हायची होती. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे ती वापरायची तर आर.टी.ओ.कडे नेऊन तपासून घ्यावी लागते, तेव्हा कुठे पाच वर्षांचे नूतनीकरण मिळते. काट्यावर २ लाख १२ हजार किलोमीटर उमटले होते. बंगळूरला असलेला मुलगा दर रविवारी फोनवर विचारी, “बाबा, ती गाडी काढणार कधी?” आणि मी दर रविवारी तिकडच्या पावसापाण्याची चौकशी करून विषय बदलीत असे. गाडी कोणत्या कंपनीची हे येथे लिहीत नाही. पुढे जे सांगणार आहे त्यात दोष कोणाचा तरी होता, पण तो तिचा नव्हता.

गाडी ठेवण्याला माझे कारण एकच होते, आणि ते म्हणजे अक्का. अक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, त्यामुळे मला वाढवले ते तिनेच. आता तिच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याला सूज येऊ लागली होती आणि महिन्यातून एकदा तिला कोल्हापूरला नेऊन डोळ्यात इंजेक्शन द्यावे लागे. बेळगावहून कोल्हापूर सुमारे ११० किलोमीटर. पहाटे निघायचे आणि दुपार टळेपर्यंत परतायचे. परतताना तिच्या उजव्या डोळ्यावर पट्टी असे आणि डाव्याने तिला आधीपासूनच बेताचे दिसत असे. मागच्या आसनावर डाव्या बाजूला, उशीला टेकून ती बसे. भाड्याच्या गाडीत तिला मळमळे. आपली गाडी, चालवणारा आपला माणूस आणि खिडकी हवी तेवढी उघडी, एवढे जमले की तिची तक्रार नसे.

मार्चच्या फेरीत हत्तरगीचा टोलनाका ओलांडला, वेगाचा काटा ८० वर गेला आणि गाडीच्या अंगात थरथर शिरली. स्टिअरिंग जवळजवळ स्थिर होते. थरथरत होते ते आसन, पायाखालची जमीन आणि मधला आरसा. आरशात मागच्या ट्रकचे दोन ट्रक दिसू लागले. वेग सत्तरीच्या खाली आणला की सारे शांत. पुढे नव्वदीच्याही वर नेऊन पाहिले, तर तिथेही ती बरीच कमी होई. ऐंशीच्या आसपासच तिचा मुक्काम होता.

“अरे, माझ्या पायाखाली कुणीतरी जातं फिरवतंय,” अक्का मागून म्हणाली. “तुझ्याकडेही आहे का एवढं?”

“गाडी जुनी झाली अक्का,” मी म्हणालो. “इंजिन थकलंय आता.”

हे उत्तर मला कोठून सुचले कोण जाणे. मी बत्तीस वर्षे पदवीच्या वर्गांना पदार्थविज्ञान शिकवले आहे. कंपनांच्या प्रकरणाच्या वेळी बार्टनचे लंबक टांगून दाखवीत असे: एक जड लंबक हलवायचा आणि त्याच दोरीला लोंबणाऱ्या लहानमोठ्या हलक्या लंबकांपैकी बरोबर त्याच्याच लांबीचा तेवढा जोरात झुलू लागतो, बाकीचे नुसते चुळबुळतात, हे मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे म्हणून. पण स्वतःच्या गाडीत बसल्यावर माणूस प्राध्यापक राहत नाही, गिऱ्हाईक होतो.

गिऱ्हाईक म्हणून मी शहरातल्या एका मोठ्या गॅरेजात गेलो. तेथे इंजिनाची तिन्ही माउंटिंगे बदलली गेली, कारण जुनी फुगली होती. फुगली होती हे खरे, मी पाहिली. प्लगही बदलले. एप्रिलच्या फेरीत थरथर होतीच, किंबहुना थोडी वाढलेली. मग दुसऱ्या ठिकाणी पुढच्या चाकांचे बॅलन्सिंग झाले, अलाइनमेंट झाले, लोअर आर्मचे बुश नवे पडले. मागच्या चाकांचे काय, असे त्या मुलाने विचारले नाही आणि मीही विचारले नाही. पुढची दोन केली की बॅलन्सिंग झाले, अशी आपल्याकडे रीतच पडून गेली आहे. या सगळ्यात ११ हजार ४०० रुपये गेले. ज्या वस्तू बदलल्या त्या झिजलेल्या नव्हत्या असे मी म्हणणार नाही. दोन लाख किलोमीटर चाललेल्या गाडीत शोधू जाल ते झिजलेले सापडते, हीच तर अडचण. नव्या गाडीत एक दोष सापडला की शोध संपतो; जुनीत पहिला दोष सापडतो तो बहुधा दुसऱ्याच कशाचा तरी असतो.

मेच्या फेरीनंतर मात्र मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. चाकाचा व्यास सुमारे ५८ सेंटिमीटर, म्हणजे परीघ १.८ मीटर. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटरांहून थोडे अधिक. म्हणजे चाक सेकंदाला बारा फेरे घेते. इंजिन त्याच वेळी मिनिटाला तीन हजारांच्या आसपास फिरत असते, सेकंदाला ५० फेरे; आणि चार सिलिंडरांच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट, म्हणजे सेकंदाला शंभर धक्के. सेकंदाला शंभर धक्क्यांचा गुणगुणाट होतो. बारा धक्क्यांची थरथर होते. अक्काने जाते म्हटले होते, भुंगा म्हटले नव्हते. शिवाय चाक आणि त्याचा आस यांची मिळून स्प्रिंगवर डोलण्याची स्वतःची एक गती असते, ती बहुधा सेकंदाला दहा ते पंधरांच्या दरम्यान पडते. ऐंशीला जमणारी आणि नव्वदीच्या पुढे ओसरणारी ही थरथर म्हणजे माझाच तो बरोबरीच्या लांबीचा लंबक होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे मोकळ्या रस्त्यावर, मागेपुढे कोणी नाही असे पाहून, ८० च्या वेगात क्लच दाबला. इंजिन क्षणात मंद झाले. थरथर जशीच्या तशी. म्हणजे इंजिनाचा तिच्याशी संबंध नव्हता आणि माउंटिंगांचा खर्च मी या एका प्रयोगाने वाचवू शकलो असतो. हा प्रयोग करायला पैसे पडत नाहीत, हत्यार लागत नाही. मला तो मार्चमध्ये सुचला नाही, एवढेच.

उद्यमबागेच्या एका गल्लीत एक म्हातारे मेस्त्री आहेत, असे माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने सांगितले. पत्र्याची शेड, दारात लिंबाचे झाड, आत एका वेळी एकच गाडी. मी ऐटीत माझे निदान सांगितले: दोष चाकांकडे आहे, पण पुढची बॅलन्स झालेली आहेत. त्यांनी ते ऐकून घेतले, बॉनेट काही उघडले नाही.

“कवापासनं हाय हे, सर?”

“मार्चपासून.”

“त्येच्या आदी गाडीला काय केलासा?”

“काही नाही.”

“असं कसं हुईल ओ? आठवा की. सर्व्हिस, धडक, पंक्चर…”

पंक्चर! फेब्रुवारीत संकेश्वरच्या अलीकडे मागच्या डाव्या टायरच्या कडेला लोखंडाचा तुकडा घुसून तो फाटला होता. टायर टाकून द्यावा लागला आणि डिकीतली स्टेपनी तेथे चढवली. ती चढवून घरी आलो तेव्हा गाडी सुतासारखी सरळ चालली होती, म्हणून त्या गोष्टीचा आणि या गोष्टीचा काही संबंध असेल हे मनातही आले नाही. एकच टायर काय घ्यायचा, पावसाळ्याआधी चारही एकदम घेऊ, असे मीच ठरवले होते. स्टेपनीवरची नक्षी तर कोरी करकरीत होती. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात तेसुद्धा अजून शाबूत होते. असा टायर असताना नवा घेणे मला उधळपट्टी वाटली.

मेस्त्री गाडीत बसले. मला वाटले, आता हे महामार्गावर नेऊन ८० ला चालवून बघतील, आजवर प्रत्येकाने तेच केले होते. त्यांनी गल्लीतल्या डांबरी तुकड्यावर माणूस धावेल इतक्या वेगाने, जेमतेम वीसने, गाडी चालवली आणि खिडकीबाहेर डोके काढून ऐकत राहिले. गाडी लंगडत होती. अगदी हळू, ढुब्… ढुब्… ढुब्. इतके दिवस कोणी इतके हळू चालवून पाहिलेच नव्हते. तिथे मला उमगले की ही बॅलन्सिंगची गोष्टच नव्हे. एका बाजूला जास्त वजन असेल तर त्याचा झटका वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो; ८० ला जेवढा, त्याच्या सोळावा हिस्सा वीसला. तो जाणवणार नाही. पण चाकच वाटोळे नसेल तर ते चालत्या पावलीही लंगडते.

मग त्यांनी मागचे डावे चाक जॅकवर उचलले, शेजारी दोन विटा रचल्या, त्यांवर हात टेकवून खडूचा एक तुकडा टायरपासून दोरा जाईल एवढ्या अंतरावर धरला आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवले. खडू जन्मभर माझ्या हातात होता; टायरवर तो कधी धरला नव्हता. सगळ्या टायरभर खडू कोठेच लागला नाही, फक्त एका जागी, वीतभर लांबीचा पांढरा पट्टा उमटला. तेथे हात फिरवला तर तळहाताएवढा फुगवटा लागला. वरची नक्षी शाबूत, आतले तारांचे पट्टे रबरापासून सुटलेले.

टायरच्या कडेवर एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. मेस्त्रींनी अंगठ्याने धूळ पुसून ते मला वाचायला लावले: १२०४. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. २००४ सालचा बारावा आठवडा. गाडीबरोबर आलेली मूळ स्टेपनी. पंधरा वर्षांत दोन-चारदा तासा-दोन तासांसाठी उतरली असेल, बाकी सारा काळ डिकीत, उन्हाळ्याच्या उकाड्यात. झीज नव्हती म्हणून मी तिला नवी समजत होतो. रबर न वापरताही म्हातारे होते.

“आजून एक कोल्हापूर झालं नसतं, सर,” मेस्त्री म्हणाले. यापेक्षा जास्त ते काही बोलले नाहीत. मी विटांवरच बसलो.

ते चाक अक्काच्या आसनाखाली होते. तिच्या डोळ्यावर पट्टी असताना, ती उशीला टेकून झोपलेली असताना, थरथर ऐंशीला वाढते आणि पुढे कमी होते म्हणून तिला त्रास नको या विचाराने मी तवंदीचा घाट उतरल्यावर गाडी मुद्दाम पंचाण्णवने हाकली होती. तीन फेऱ्या. तिने पहिल्याच दिवशी जागा सांगितली होती. मी तिला विचारले होते का, की कोठे जास्त आहे, उजवीकडे की डावीकडे? नव्हते विचारले. गॅरेजातल्या माणसांना मी जे सांगितले ते ‘इंजिन थरथरतंय’ एवढेच, आणि त्यांनी गिऱ्हाइकाचा शब्द मानून इंजिनाकडे पाहिले. त्यांना तरी काय नावे ठेवायची?

त्याच दिवशी चारही टायर नवे घेतले. संध्याकाळी अक्काला सगळे सांगितले. न सांगण्याचा विचार मनात येऊन गेला, पण तिच्यापासून मला कधीच काही लपवता आलेले नाही. ती ऐकत राहिली. मी ११ हजार ४०० चा आकडाही सांगितला, जणू तेवढ्याने प्रायश्चित्त व्हावे.

“सांगितलं होतं मी,” एवढेच म्हणाली, आणि चहाचा कप कोठे ठेवला आहे ते हाताने चाचपू लागली. मी तो तिच्या हातात दिला.

नूतनीकरण झाले. तपासणाऱ्या साहेबांनी दिवे, ब्रेक आणि धूर पाहिला. टायरांवर एक नजर टाकली, नवे होतेच. गाडी सिग्नलला उभी असताना मात्र आता थोडी जास्त हलू लागली होती. मेस्त्रींचे म्हणणे, नव्या माउंटिंगांचे रबर कडक पडले, जुनी फुगलेली होती तरी मऊ होती. ते काम मी पुढे ढकलले आणि मग ढकलतच राहिलो. २०२४ मध्ये पुन्हा नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा मुलाच्या मनासारखे झाले.

पण मी सांगत होतो ती २०१९ च्या जूनची फेरी. पाऊस लागलेला, निपाणी मागे पडलेली, घाट चढत होतो. काटा साठीतच होता. गाडी इतकी शांत की वायपरचा आवाज मोठा वाटावा.

“अरे,” अक्का मागून म्हणाली, “आता उजवीकडून काहीतरी येतंय.”

मी गाडी लगेच बाजूला घेतली. छत्री उघडून खाली उतरलो आणि चारही टायरांवरून, आतल्या बाजूने शक्य तेथवर, हात फिरवला. काही नव्हते. जॅकची कडी पाहिली, डिकीतली स्टेपनी दाबून पाहिली. अर्धा भिजून मागचे उजवे दार उघडले, तर पुढच्या आसनाखाली फिरकीचा तांब्या आडवा होऊन लोळत होता.

“तांब्या आहे,” मी म्हणालो.

“मग बरोबरच सांगितलं की मी.”

होय म्हणालो. तांब्या तिच्या मांडीवर दिला आणि गाडी पुढे काढली.